मेलेल्या शेजाऱ्याविषयी साक्ष

खोट्या साक्षीस मनाई करणारी नववी आज्ञा आपल्या शब्बाथशाळेतील लहान मुलांनाही पाठ असते. ती समजावून देताना शिक्षक बहुधा वर्गातल्या भांडणाचे, नाहीतर कोर्टातल्या साक्षीदाराचे उदाहरण देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ह्या आज्ञेतील शेजारी जिवंतच असावा लागतो काय, हा प्रश्न क्वचितच पुढे येतो. जो मरून गेला, ज्याची मुलेनातवंडेही मरून गेली, ज्याच्याविषयी आपण काहीही बोललो तरी उलट उत्तर द्यायला कोणी उभा राहणार नाही, त्याच्याविषयी खरे बोलण्याचे बंधन आपल्यावर आहे काय? आणि त्याच्याविषयी थोडे खोटे बोलल्याने धर्माचा लाभ होत असेल, तर?

हा प्रश्न अधांतरी न ठेवता एका मनुष्याच्या मरणाच्या आधारे त्याचा विचार करावा असे आम्ही योजले आहे. तो मनुष्य म्हणजे इंग्लंडचा राजा जॉन. शाळेच्या इतिहासात आपण त्याला मॅग्ना कार्टा ह्या महासनदेमुळे ओळखतो. सरदारांनी ज्याला १५ जून १२१५ रोजी रनीमीडच्या कुरणात ती सनद मान्य करावयास लावली, तोच हा राजा. त्याला मरून आठ शतके उलटली. ह्या आठ शतकांत एका पक्षाने त्याला काळे फासले आणि दुसऱ्या पक्षाने पांढरे. त्याला पांढरे करणारा पक्ष आपला होता, आपल्या प्रॉटेस्टंट पूर्वजांचा होता. म्हणूनच हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले आहे. दुसऱ्याच्या खोटेपणावर प्रवचन करणे सोपे असते.

राजाचा मृत्यू

जॉन हा दुसऱ्या हेन्री राजाचा धाकटा मुलगा. भाऊ रिचर्ड ११९९ साली मरण पावला तेव्हा तो गादीवर आला. १२०४ पर्यंत त्याने नॉर्मंडी गमावली. कँटरबरीचा आर्चबिशप कोण असावा ह्यावरून त्याचे व पोप तिसरा इनोसंट ह्यांचे भांडण झाले. पोपने नेमलेल्या स्टीफन लँगटनला राजा देशात येऊ देईना, म्हणून मार्च १२०८ पासून जुलै १२१४ पर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ, पोपने इंग्लंडवर उपासनाबंदी लादली. मंदिरांची दारे बंद झाली, आणि मेलेल्यांना पवित्र केलेल्या भूमीत पुरणे बंद झाले. १२०९ साली राजाला व्यक्तिशः बहिष्कृत करण्यात आले. शेवटी १२१३ साली जॉनने पड खाल्ली, लँगटनला स्वीकारले, आणि राज्यच पोपच्या चरणी ठेवून दरसाल एक हजार मार्क खंडणी कबूल केली. ह्यामुळे पोप त्याच्या बाजूचा झाला, इतका की दोन वर्षांनी महासनद रद्दबातल ठरवणारा पोपच होता. सनद मोडली, यादवी पेटली, आणि बंडखोर सरदारांच्या बोलावण्यावरून फ्रान्सचा राजपुत्र लुई मे १२१६ मध्ये इंग्लंडात उतरला.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात लिन ह्या बंदराहून परत निघालेला जॉन आजारी होता. १२ ऑक्टोबरच्या सुमारास वॉश नावाच्या खाडीतील चिखलवाळूतून जाताना त्याच्या सामानाचा काही भाग भरतीच्या पाण्याखाली गेला. त्यानंतर स्वाइन्सहेड येथील सिस्टर्शियन मठात त्याने मुक्काम केला, तेथून स्लीफर्डमार्गे तो लिंकनच्या बिशपच्या ताब्यातील न्यूअर्कच्या किल्ल्यात पोहोचला, आणि १८ व १९ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री तेथे मरण पावला. अतिसार हे मृत्यूचे कारण होते. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला वूस्टरच्या कॅथीड्रलात पुरले. गादीचा वारस हेन्री तेव्हा अवघा नऊ वर्षांचा होता.

घटना एवढीच. थकलेला, पाठलाग होत असलेला एक मनुष्य प्रवासात पोटाच्या विकाराने मेला. अशी मरणे त्या काळी दररोज होत असत. पण हे मरण राजाचे होते, आणि राजाच्या मरणातून प्रत्येकाला काहीतरी सिद्ध करावयाचे असते.

मठातील बखरी

प्रथम लेखणी हाती घेतली ती मठवाशांनी. उपासनाबंदीच्या वर्षांत राजाने चर्चच्या जमिनी व उत्पन्न ताब्यात घेतले होते. मठांना त्याची झळ लागली होती, आणि जॉनविषयी कडवटपणा असावयास त्यांना खरी कारणे होती. सेंट ऑल्बन्सच्या मठातील रॉजर ऑफ वेंडोव्हर ह्याने राजाच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी आपली बखर लिहिली. तो १२३६ साली वारल्यावर त्याच मठातील मॅथ्यू पॅरिसने ती पुढे चालवली व तिच्यात भर घातली.

ह्या बखरींत गोष्ट कशी वाढत जाते हे पाहण्यासारखे आहे. खाडीतील अपघाताविषयी त्याच काळच्या कॉगशॉलच्या राल्फने लिहिले, की राजाच्या खाजगी उपासनेचे साहित्य व सामानाची काही घोडी बुडाली आणि काही माणसे दगावली. वेंडोव्हरच्या हाती येईपर्यंत सगळ्या गाड्या, सगळा खजिना व सगळी माणसे पाण्याने गिळली होती. मृत्यूविषयी वेंडोव्हर सांगतो, की दुःखाने तापलेल्या राजाने मठात पीच ही फळे व नवी सायडर दारू अधाशासारखी पोटात भरली आणि त्यानेच त्याचा अंत झाला. खादाडाला शोभेल असे मरण बखरकाराने त्याला दिले.

वेंडोव्हरची आणखी एक कथा प्रसिद्ध आहे. बहिष्कृत राजाची चाकरी करणे धोक्याचे आहे असे म्हणणाऱ्या नॉर्विचच्या जेफ्री नावाच्या आर्चडीकनला राजाने तुरुंगात टाकले आणि शिशाच्या जड झग्याखाली चिरडून मारले, असे तो लिहितो. ह्या नावाचा व ह्या हुद्द्याचा जो मनुष्य त्या काळी होता, तो तर १२२५ साली इलीचा बिशप झाला. तेव्हा कदाचित त्याच नावाच्या दुसऱ्या एखाद्या कारकुनाचे हाल झाले असतील, पण बखरकाराने ते शहानिशा न करता मोठ्या माणसाच्या नावावर घातले. मॅथ्यू पॅरिस ह्याही पुढे गेला. जॉनने मोरोक्कोच्या सुलतानाकडे वकील पाठवून ख्रिस्ती धर्म सोडण्याची तयारी दाखवली अशी कथा त्याने सांगितली, आणि जॉनच्या येण्याने नरकसुद्धा अधिक घाण झाला ह्या अर्थाचे शब्द त्याने त्याच्याविषयी लिहून ठेवले. एका मनुष्याने दुसऱ्या मनुष्याच्या आत्म्याचा शेवटचा निकाल लावून टाकला. हा अधिकार त्याला कोणी दिला होता?

विषाची कथा

पुढे आणखी एक कथा निघाली. चौदाव्या शतकात लोकप्रिय झालेल्या ब्रुट नावाच्या बखरीत ती सापडते. स्वाइन्सहेडच्या मठात जेवताना राजा म्हणाला, की अर्ध्या पेनीला मिळणारा पाव मी लवकरच वीस शिलिंगांना विकायला लावीन. गरिबांचे हाल होणार हे ऐकून एका मठवाशाचे मन पेटले. त्याने बेडकाचे विष पेल्यात कालवले, राजाला संशय येऊ नये म्हणून आधी स्वतः प्याला, आणि दोघेही मेले. ह्या मूळ कथेत मठवासी हा गरिबांसाठी प्राण देणारा पुण्यात्मा आहे. त्याच्या आत्म्यासाठी पाच मठवासी नित्य प्रार्थना म्हणतात असेही बखर सांगते. राजाच्या मृत्यूच्या वेळच्या लिखाणात ह्या विषाचा मागमूस नाही.

दोनशे वर्षे गेली आणि धर्मसुधारणेचा काळ आला. आठवा हेन्री राजा पोपपासून वेगळा झाला. पोपशी भांडलेला पूर्वीचा एखादा इंग्रज राजा उदाहरणासाठी हवाच होता. पवित्र शास्त्र सामान्य माणसाच्या भाषेत आणण्यासाठी १५३६ साली ज्याने प्राण दिला त्या विल्यम टिंडलने १५२८ मध्येच सुचवले होते, की जॉन राजाची हकिगत पुन्हा वाचून पाहावी, कारण बखरी लिहिणारे स्वतः त्या भांडणातले पक्षकार होते. टिंडलची ही सूचना अगदी रास्त होती. साक्षीदाराला वादीचा लाभ आहे की प्रतिवादीचा, हे कोणीही न्यायाधीश पाहतोच.

पण पुढे जे घडले ते रास्त नव्हते. पूर्वी स्वतः कार्मेलाइट मठवासी असलेल्या व पुढे कडवा प्रॉटेस्टंट झालेल्या जॉन बेल ह्याने जॉन राजावर नाटक लिहिले. १५३८ च्या नाताळाच्या सुमारास आर्चबिशप क्रॅन्मर ह्यांच्या घरी जॉन राजावरील एका नाटकाचा प्रयोग झाला, तो ह्याच नाटकाचा असावा असे मानतात. त्यात जॉन हा विधवा इंग्लंडचा कैवारी, जवळजवळ हुतात्मा होऊन उभा राहतो. बेडकाच्या विषाची कथा बेलने जशीच्या तशी उचलली, फक्त पारडे फिरवले. पूर्वी पुण्यात्मा असलेला मठवासी आता ढोंगीपणाचे मूर्तिमंत रूप झाला, आणि राजा देवाचा सेवक झाला. नंतर १५६३ साली जॉन फॉक्सचा हुतात्म्यांविषयीचा मोठा ग्रंथ निघाला. राजाच्या मरणाविषयी लिहिणाऱ्यांत एकमत नाही हे फॉक्सला ठाऊक होते व त्याने ते नमूदही केले, परंतु विषाच्या कथेलाच त्याने मान दिला. ग्रंथातील चित्रांत मठवासी बेडकाचे विष काढतो, पेला पुढे करतो आणि राजा मरून पडतो असे दाखवले आहे. अक्षरओळख नसलेल्यालाही ती चित्रे वाचता येत होती.

येथे तीन गोष्टी आपल्या ध्यानात याव्यात.

पहिली अशी, की स्वाइन्सहेडचा मठ १५३६ सालीच बंद करण्यात आला होता. नाटक झाले तेव्हा त्या मठाच्या वतीने बोलायला तेथे कोणी उरले नव्हते. आजारी राजाला दोन रात्री आसरा देणाऱ्या त्या घरावर राजहत्येचा आळ आला, आणि ज्यांच्यावर आला त्यांचे तोंड आधीच बंद झाले होते.

दुसरी गोष्ट, त्या नाटकात बंडाळी ह्या दुष्ट पात्राच्या सोंगाखाली आर्चबिशप स्टीफन लँगटनला आणले आहे. हा लँगटन कोण? आपण रविवारी उपासनेत अमुक पुस्तक, अमुक अध्याय म्हणून शास्त्रपाठ काढतो. त्या अध्यायांची विभागणी पॅरिस येथे शिकवत असताना ज्याने केली असे सामान्यतः मानले जाते, तोच हा लँगटन. पवित्र शास्त्र मंडळीच्या हाती देण्याची खटपट करणाऱ्यांनीच, ज्याने शास्त्र शोधून वाचण्याची सोय केली त्याला पोपचा हस्तक म्हणून रंगभूमीवर उभे केले. आणि सत्य तर असे, की महासनद रद्द करणाऱ्या पोपच्या आज्ञेप्रमाणे बंडखोरांना बहिष्कृत करण्यास हयगय केल्याबद्दल लँगटनलाच १२१५ साली पदावरून तहकूब व्हावे लागले होते.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. जॉनला संत करावयाचे म्हटल्यावर त्याच्या हातून मेलेल्यांचे काय करावयाचे?

त्याचा पुतण्या आर्थर १२०२ साली मिराबो येथे त्याच्या कैदेत सापडला. सोळा वर्षांचा तो मुलगा १२०३ नंतर कोणाला दिसला नाही. काकानेच त्याचा जीव घेतला ही समजूत त्याच काळी पसरली, आणि राजाने तो मुलगा जिवंत आणून दाखवला नाही. आर्थरची बहीण एलिनॉर हिने काही अपराध केलेला नव्हता, तरी ती १२४१ साली मरेपर्यंत कैदेतच राहिली. राजाचा एके काळचा लाडका सरदार विल्यम डी ब्रिओज ह्याच्यावर मर्जी फिरली तेव्हा त्याची बायको मटिल्डा व थोरला मुलगा राजाच्या हाती लागले. १२१० साली ती आई व तो मुलगा राजाच्या तुरुंगात उपासमारीने मेले. राजाने ब्रिओजकडून येणे असलेल्या रकमेचा हिशेब देणारे निवेदन काढले. त्या दोघांच्या मरणाचा हिशेब मात्र त्याने दिला नाही.

जॉनला जो निर्दोष म्हणतो तो केवळ जॉनविषयी खोटे बोलत नाही. तो मटिल्डाविरुद्ध आणि आर्थरविरुद्ध साक्ष देतो. मेलेल्यांतही छळणारे असतात आणि छळलेले असतात. एकाची कबर चुन्याने पांढरी करताना हाताला लागलेला चिखल दुसऱ्याच्या कबरीवर पुसला जातो. मेलेल्यांविषयी वाईट बोलू नये असे आपण म्हणतो, त्यात दयाळूपणा आहे हे खरे. पण ही दया बहुधा मोठ्यांच्या वाट्याला येते, आणि त्यांच्या पायाखाली सापडलेले विसरले जातात.

बखर आणि दप्तर

पुढे काळ फिरला. सतराव्या शतकात एडवर्ड कोक ह्या कायदेपंडिताने स्टुअर्ट राजांच्या मनमानीविरुद्ध महासनदेचा आधार घेतला, आणि ज्याच्याकडून सनद घ्यावी लागली तो जॉन पुन्हा जुलमी ठरला. एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटच्या आयव्हॅन्हो कादंबरीने तो घरोघरी खलनायक केला. त्याच शतकातील थोर इतिहासकार विल्यम स्टब्ज, जे पुढे ऑक्सफर्डचे बिशप झाले, त्यांनीही त्याच्याविषयी अतिशय कठोर मत दिले.

मराठी वाचकांस बखर आणि दप्तर ह्यांतील फरक नवा नाही. बखर नंतर लिहिली जाते व तिला कोणाची तरी मर्जी राखावयाची असते. दप्तरातील कागद त्या त्या दिवशी कामापुरता लिहिलेला असतो. सुदैवाने जॉनच्या कारकिर्दीपासून इंग्लंडात सरकारी पत्रे व सनदा गुंडाळ्यांवर नकलून ठेवण्याची पद्धत पडली, आणि त्यांतील पुष्कळ गुंडाळ्या आजही शिल्लक आहेत. विसाव्या शतकात व्ही. एच. गॅलब्रेथ ह्यांनी १९४४ साली वेंडोव्हर व पॅरिस किती भरवशाचे आहेत ह्याची छाननी केली, आणि डब्ल्यू. एल. वॉरन ह्यांनी १९६१ साली दप्तराच्या आधारे जॉनचे चरित्र लिहिले. त्यातून वेगळाच मनुष्य पुढे आला. सतत फिरणारा, न्यायनिवाड्यात स्वतः लक्ष घालणारा, हिशेबात काटेकोर असा तो राजा होता. १२०८ साली, म्हणजे उपासनाबंदी सुरू झाली त्याच महिन्यात, त्याने रेडिंगच्या मठाकडून संपूर्ण जुना करार असलेले ग्रंथ आणवले होते. उपवासाच्या दिवशी मांस खाल्ले म्हणून त्याने शेकडो गरिबांना जेवू घातल्याच्या नोंदी खर्चाच्या वहीत आहेत.

मग काय, जॉन चांगला ठरला? तसेही नाही. त्याच दप्तरात कैदी, ओलीस, भरमसाट दंड आणि वसुली ह्यांच्याही नोंदी आहेत, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी ह्या बाजूकडेही लक्ष वेधले आहे. शिशाचा झगा व बेडकाचे विष गेले, पण मटिल्डाचे उपाशी मरण राहिले. खोटे बाजूला केल्याने खरे पाप कमी झाले नाही, उलट ते अधिक स्पष्ट दिसू लागले. अपराध्याविषयीसुद्धा खोटे बोलू नये ह्याचे एक कारण हेच आहे. दहा खोट्या आरोपांत एक खरा आरोप मिसळला, की दहा खोटे ठरल्यावर लोक अकराव्यावरही विश्वास ठेवीत नाहीत.

पवित्र शास्त्राची रीत

कोणी म्हणेल, की मेलेल्याला आता काय वाटणार? त्याला ना मानाची गोडी, ना अपमानाचे दुःख. ह्यावर आम्ही इतकेच म्हणू, की आज्ञा केवळ शेजाऱ्याला वाटणाऱ्या दुःखासाठी दिलेली नाही. ती सत्याच्या देवासाठी दिलेली आहे, आणि त्याच्या दृष्टीने कोणीही मरून नाहीसा झालेला नाही. शिवाय खोटे बोलल्याने बोलणारा बिघडतो. आपल्या बाजूसाठी मेलेल्याविषयी खोटे सांगण्याची सवय ज्याला लागते, तो जिवंतांविषयी खरे सांगेल ह्याचा भरवसा राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. विश्वास वाढावा म्हणून वीरांच्या कथा सांगाव्या लागतात, त्यांत उणिवा कशाला दाखवायच्या, असे पुष्कळ भाविक लोक मनापासून विचारतात. ह्याचे उत्तर आपण पवित्र शास्त्राच्या रीतीवरून शोधावे.

येहूचे उदाहरण घ्या. त्याने बआलाचे मंदिर उद्ध्वस्त केले. आपल्या पक्षाचा म्हणावा असा राजा. तरी 2 राजे ह्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात, तो मनापासून देवाच्या नियमशास्त्राप्रमाणे चालला नाही हेही लगेच नमूद आहे, आणि होशेयाच्या पहिल्याच अध्यायात इज्रेलमध्ये त्याच्या घराण्याने सांडलेल्या रक्ताचा झाडा घेतला जाईल असे सांगितले आहे. बआलाचा शत्रू म्हणून त्याला सूट मिळाली नाही. पोपचा शत्रू म्हणून जॉनला ती कशी मिळावी? दाविदाविषयी तर काय सांगावे! ज्याच्या घराण्यातून तारणारा यावयाचा होता त्याने उरीयाशी केलेला व्यवहार शास्त्राने झाकला नाही, आणि उरीयाचे नावही पुसले नाही. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहितानासुद्धा ते गाळले नाही.

आणि मनश्शे! 2 राजे, अध्याय एकवीस वाचला तर त्याच्या दुष्टपणाशिवाय काही दिसत नाही. 2 इतिहास, अध्याय तेहतीस वाचला तर तोच राजा बाबेलच्या कैदेत नम्र होऊन प्रार्थना करतो आणि देव त्याचे ऐकतो. शास्त्राने दोन्ही वृत्तांत आपल्या हाती ठेवले. पश्चात्तापामुळे पापाची नोंद खोडली नाही, आणि पापामुळे पश्चात्तापाचीही नोंद गाळली नाही.

जॉनच्या शेवटच्या दिवसांतील एक कागद पाहताना आम्हांस मनश्शेची आठवण होते. १० ऑक्टोबर १२१६ रोजी, मरणाआधी जेमतेम नऊ दिवस, त्याने मटिल्डाची मुलगी मार्गारेट हिला एकनबरीच्या रानातील जमीन दिली. तेथे एक धर्मगृह बांधून तिचा बाप, तिची आई व तिचा भाऊ ह्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना व्हावी ह्यासाठी ती देणगी होती. ज्यांना त्याने उपाशी मारले त्यांची आठवण त्याने स्वतःच्या शिक्क्याखाली लिहवून दिली. मरणशय्येवरचे त्याचे इच्छापत्रही वूस्टर येथे अजून जपून ठेवले आहे. आपण देवाचे व चर्चचे जे नुकसान केले त्याची भरपाई व्हावी अशी विनंती त्याने त्यात केली आहे.

हा खरा पश्चात्ताप होता काय? की राज्य हातून जाताना सरदारांना वश करण्याची खटपट होती? की केवळ मरणाची भीती? मृतांसाठी प्रार्थना करण्याविषयी आपली शिकवण वेगळी आहे, पण येथे मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की ह्या कागदावरून आपण जॉनला स्वर्गातही नेऊ शकत नाही, आणि हा कागद वाचल्यावर मॅथ्यू पॅरिसप्रमाणे नरकातही लोटू शकत नाही. कृत्याचा निवाडा करणे आणि आत्म्याचा निवाडा करणे ह्या दोन गोष्टी आहेत. मटिल्डाला उपाशी मारणे हे घोर पाप होते असे आपण म्हटलेच पाहिजे, नाहीतर आपण तिचे शेजारी नव्हे. परंतु ते पाप करणाऱ्याचे शेवटी देवापाशी काय झाले ते आपल्या दप्तरात नाही.

आपली दप्तरे

हा सर्व विचार इंग्लंडच्या एका राजापुरता ठेवला तर त्याचा उपयोग थोडा. आपल्या मंडळ्या आता जुन्या झाल्या आहेत. कोठे शतसांवत्सरिक सण होतो, कोठे दीडशे वर्षांची स्मरणिका निघते. त्यांत पहिल्या मिशनऱ्यांची, पहिल्या पाळकांची, जमिनी देणाऱ्या घराण्यांची चरित्रे छापली जातात. त्यांतली किती बखर आणि किती दप्तर, हे आपण पाहतो काय? ज्या पाळकसाहेबांनी मंदिर बांधले त्यांचे नाव शिळेवर असते, आणि असावे. पण त्यांच्याशी मतभेद झाल्यामुळे ज्या कुटुंबाला मंडळी सोडावी लागली, ज्या बायबलबाईने उन्हातान्हात घरोघर जाऊन वचन पोहोचवले, त्यांच्याविषयी एक ओळ तरी असते काय? मंडळीत एके काळी फूट पडली असेल, तर गेलेल्या पक्षाची बाजू त्याच पक्षाच्या एखाद्या वृद्धाला विचारून कोणी लिहून ठेवली आहे काय? जुनी नोंदवही, मिनिट बुक, पत्रे वाळवीच्या स्वाधीन न करता जपून ठेवणे हेसुद्धा नवव्या आज्ञेचे पालन आहे असे आम्हांस वाटते.

पुरण्याच्या विधीत किंवा श्रद्धांजलीच्या सभेत सर्व काही उघडे करावे असे आम्ही म्हणत नाही. दुःखात असलेल्या घरासमोर गप्प राहणे पुष्कळदा प्रेमाचे काम असते. मौन आणि असत्य ह्यांत मात्र अंतर आहे. जे माहीत आहे त्यातले थोडेच सांगावे, पण जे नव्हते ते निर्माण करू नये. आणि इतर पंथांच्या लोकांविषयी बोलताना तर दुप्पट जपावे. स्वाइन्सहेडचे मठवासी आपल्या मंडळीचे नव्हते, म्हणूनच आपल्या पूर्वजांना त्यांच्यावरचा आळ इतका सहज खरा वाटला. शत्रूविषयीची वाईट बातमी आपल्याला ज्या वेगाने खरी वाटते, त्या वेगावरूनच आपण आपली परीक्षा करावी.

शब्बाथशाळेतील शिक्षकांस आमची एक सूचना आहे. राजांचे धडे शिकवताना मुलांकडून चांगले राजे आणि वाईट राजे अशी दोन रकान्यांची यादी करवून घेण्याची रीत आहे. ती करावी, पण मनश्शेचे नाव आले म्हणजे दोन्ही पुस्तकांतील दोन्ही अध्याय मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावेत, आणि ह्याला कोणत्या रकान्यात घालावे हे त्यांनाच विचारावे. मुले भांडतील. थोडा वेळ भांडू द्यावे.

प्रभूने शास्त्री व परूशी ह्यांना, ते संदेष्ट्यांच्या कबरी सजवतात आणि वाडवडिलांच्या काळी आपण असतो तर त्यांच्या पापात भागी झालो नसतो असे म्हणतात, म्हणून दोष लावला. कबर सजवण्यात दोष नव्हता. मेलेल्यांचा उपयोग करून स्वतःला नीतिमान ठरवण्यात दोष होता. तोच मोह मॅथ्यू पॅरिसला झाला, तोच बेलला झाला, आणि आपल्यालाही होतो. आपणही एक दिवस मरून जाऊ, आणि आपल्या मागे राहिलेले आपल्याविषयी बोलतील. त्यांनी आपल्याविषयी जे बोलावे असे आपल्याला वाटते, म्हणजे खरे तेवढे, पुरते, आणि शेवटचा निकाल देवावर सोपवून, तसे आपण आज आपल्याआधी गेलेल्यांविषयी बोलू या.